कोकणातील बहुशाखीय संस्थेसाठी डिरेक्टरी सेवा आणि नेटवर्कचा आराखडा

संगणकांची संख्या पंधरा-वीसच्या पुढे गेली आणि शाखा एकाहून अधिक झाल्या, की प्रत्येक संगणकावर वेगळे खाते, चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलेला पासवर्ड आणि प्रत्येक शाखेत स्थानिक विक्रेत्याने आपल्या पद्धतीने बसवून दिलेला राउटर ही व्यवस्था हाताबाहेर जाऊ लागते. संस्थेत कोण कर्मचारी आहे, कोणता संगणक संस्थेचा आहे आणि कोणाला काय उघडण्याचा अधिकार आहे, याची एकच अधिकृत नोंद ठेवून विचारणाऱ्या प्रत्येक यंत्राला खात्रीचे उत्तर देणारी सेवा म्हणजे डिरेक्टरी सेवा होय. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० सर्व्हरबरोबर बाजारात आली. साम्बा या मुक्त प्रणालीला २०१२ च्या अखेरीस आलेल्या ४.० या आवृत्तीपासून तिच्याशी सुसंगत डोमेन कंट्रोलर (ही नोंद सांभाळणारा आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर) म्हणून काम करता येऊ लागले. खालील विवेचन ॲक्टिव्ह डिरेक्टरी समोर ठेवून केले असले, तरी आराखड्याचे प्रश्न दोन्हींकडे सारखेच आहेत.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक सहकारी पतसंस्था डोळ्यांसमोर ठेवू. तिचे मुख्यालय रत्नागिरीत आहे, चिपळूण आणि कणकवली येथे वीस-पंचवीस संगणकांच्या मोठ्या शाखा आहेत, तर गुहागर, राजापूर, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले येथे चार-सहा संगणकांच्या लहान शाखा आहेत. खातेदारांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर मुख्यालयातील सर्व्हरवर चालते.

पहिली पायरी: लाइन तुटल्यावर काय चालायला हवे, ते आधी लिहा

बहुतेक नवखे आराखडाकार सर्व्हरच्या यादीपासून सुरुवात करतात. माझ्या मते कोकणात सुरुवात पावसापासून करावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातील अनेक गावांत वीज परत येण्यास कित्येक दिवस लागले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि बाजारपेठेतील तळमजले बुडाले. या मोठ्या घटना सोडल्या, तरी झाड पडून तार तुटणे आणि रस्त्याच्या खोदकामात फायबर कापली जाणे हे प्रकार दर पावसाळ्यात घडतातच. म्हणून प्रत्येक शाखेपुढे एकच प्रश्न ठेवावा: जुलैमध्ये मुख्यालयाशी असलेला संपर्क दिवसभर तुटला, तर या शाखेत कोणते काम चालू राहिलेच पाहिजे?

या प्रश्नाच्या उत्तरातून खर्चाची दिशा ठरते. आपल्या पतसंस्थेत हिशेबाचे सॉफ्टवेअरच रत्नागिरीत आहे, त्यामुळे लाइन गेली की मालवणच्या शाखेत खातेदाराचे पासबुक भरता येणार नाही. मग त्या शाखेत स्वतंत्र डोमेन कंट्रोलर ठेवला काय आणि नाही ठेवला काय, काउंटरवरचे काम थांबणारच. शिवाय विंडोज संगणक त्यावर पूर्वी लॉगिन केलेल्या शेवटच्या दहा जणांची पडताळणी स्वतःपाशी जपून ठेवतो, त्यामुळे नेहमीच्या कर्मचाऱ्याला लाइन नसतानाही लॉगिन करून पत्र टाइप करता येते. तेव्हा लहान शाखेत सर्व्हरवर खर्च करण्यापेक्षा तेच पैसे दुसऱ्या लाइनवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते. चिपळूणचे उत्तर मात्र वेगळे येऊ शकते: तिथे कर्ज विभागाची कागदपत्रे शाखेतीलच फाइल सर्व्हरवर ठेवलेली असतील, तर लाइन नसतानाही त्या फाइली उघडण्याचे अधिकार तपासणारे कोणीतरी तिथे असावे लागेल.

दुसरी लाइन घेताना एक चौकशी आवर्जून करावी. दोन वेगळ्या कंपन्यांची बिले येतात म्हणजे दोन वेगळे मार्ग मिळाले असे नव्हे. दोघांच्या फायबर एकाच खांबांवरून किंवा महामार्गाकडेच्या एकाच चरातून आलेल्या असू शकतात आणि मोबाइल टॉवरही अनेकदा फायबरवरच अवलंबून असतो. जमेल तिथे एक लाइन फायबरची आणि दुसरी वेगळ्या कंपनीच्या मोबाइल सिमची घ्यावी व दोन्ही शाखेच्या फायरवॉलला (आतबाहेरची वाहतूक तपासणाऱ्या यंत्राला) जोडून एक गेली की दुसरी आपोआप सुरू होईल, अशी मांडणी करावी. प्रत्येक शाखेचे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा कूटबद्ध खासगी मार्ग) रत्नागिरीला आणि कणकवलीला असे दोन्हीकडे बांधावे, म्हणजे एक केंद्र गेले तरी शाखा एकाकी पडणार नाही.

दुसरी पायरी: पत्त्यांची वाटणी

खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेल्या तीन पट्ट्यांपैकी १०.०.०.०/८ हा पट्टा निवडावा. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हे पत्ते घराघरांतील राउटरवर आधीपासून असतात, त्यामुळे घरून व्हीपीएन लावणाऱ्या अधिकाऱ्याचे घरचे नेटवर्क आणि कार्यालयाचे नेटवर्क एकाच पत्त्यांवर आले की जोडणी होऊनही काहीच उघडत नाही.

पत्त्याचा दुसरा आकडा ठिकाण सांगेल आणि तिसरा आकडा वापर सांगेल, अशी वाटणी नवख्यालाही वाचता येते. रत्नागिरीला १०.१०, चिपळूणला १०.२०, कणकवलीला १०.३० आणि लहान शाखांना १०.४० पासून पुढे एकेक आकडा द्यावा. तिसऱ्या जागी सर्व्हरसाठी १०, कर्मचाऱ्यांच्या संगणकांसाठी २०, प्रिंटरसाठी ३०, सीसीटीव्हीसाठी ४०, पाहुण्यांच्या वायफायसाठी ५० आणि स्विच-राउटरच्या व्यवस्थापनासाठी ९९ ठेवावा. म्हणजे १०.२०.३०.१५ हा पत्ता नोंदीत दिसताच तो चिपळूणचा प्रिंटर आहे हे वही न उघडता कळते. प्रत्येक वापरासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर पाडलेले स्वतंत्र नेटवर्क) करावा आणि त्यांच्यामधली वाहतूक फायरवॉलमधूनच जाऊ द्यावी. कॅमेऱ्यांचा व्हीलॅन वेगळा ठेवण्याबाबत तडजोड करू नये; स्वस्त डीव्हीआरचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे अद्ययावत होत नाही आणि तो कर्मचाऱ्यांच्या संगणकांच्या शेजारी बसवणे म्हणजे चोराला घरात वाट करून देणे होय.

शाखेतील पत्ते वाटण्याचे डीएचसीपीचे काम शाखेच्या फायरवॉलकडेच द्यावे, म्हणजे लाइन गेल्यावर संगणक पत्त्याविना राहणार नाहीत. मुख्यालयात मात्र विंडोज सर्व्हरवर ते काम दोन यंत्रांत विभागून ठेवावे.

तिसरी पायरी: तारा, भिंती आणि वीज

यात तांत्रिक सौंदर्य काही नाही, पण कोकणातील निम्मी गाऱ्हाणी इथून उगवतात. चिऱ्याच्या जाड भिंतींमधून वायफायचा, विशेषतः ५ गिगाहर्ट्झचा, संकेत फार पुढे जात नाही. जुन्या कौलारू इमारतीत शाखा असेल तर खोलीगणिक तार ओढणे हाच उपाय आहे. तांब्याची यूटीपी तार एका पल्ल्यात १०० मीटरपर्यंतच घ्यावी आणि दोन इमारतींमध्ये ती मुळीच ओढू नये. वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडकडाट होतो, तेव्हा बाहेरून जाणारी तांब्याची तार विजेचा झटका थेट स्विचपर्यंत आणते. तिथे फायबरच टाकावी. खाऱ्या हवेत गच्चीवरचे अँटेनाचे क्लॅम्प आणि उघडे जोड लवकर गंजतात, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत व जोडांवर जलरोधक टेप गुंडाळावी.

रॅक तळमजल्यावर ठेवू नये, आणि चिपळुणात तर नाहीच नाही. रॅकच्या खोलीत एसी असेल तर खिडकी कायम बंद ठेवावी, कारण जुलैतली दमट हवा थंड पत्र्याला लागली की दव धरते. अर्थिंग दरवर्षी तपासून घ्यावे. यूपीएसची निवड करताना केवळ बॅकअपची मिनिटे पाहू नयेत. बॅटरी संपत आली की सर्व्हरला व्यवस्थित बंद होण्याची सूचना तो देऊ शकतो का, हे पाहावे. डोमेन कंट्रोलरची माहिती एका डेटाबेसमध्ये असते आणि तो डेटाबेस चालू असताना वीज अचानक जाणे त्याला मानवत नाही.

चौथी पायरी: डोमेन आणि त्याचे नाव

एकाच नोंदीखाली चालणारी खाती आणि संगणक म्हणजे डोमेन, आणि अशा डोमेनांचा सर्वांत बाहेरचा समूह म्हणजे फॉरेस्ट. एक फॉरेस्ट आणि एक डोमेन पुरेसे आहे. प्रत्येक शाखेसाठी किंवा जिल्ह्यासाठी वेगळे डोमेन करण्याचा मोह अनेकांना होतो, कारण संस्थेच्या तक्त्यात तशा चौकटी दिसतात. पण प्रत्येक जादा डोमेनला स्वतःचे किमान दोन कंट्रोलर, स्वतंत्र बॅकअप आणि स्वतंत्र देखरेख लागते, आणि त्या बदल्यात सुरक्षिततेची खरी भिंतही मिळत नाही, कारण ती भिंत डोमेनची नसून फॉरेस्टची असते.

नाव देताना संस्थेने आधीच नोंदवलेल्या इंटरनेट डोमेनखाली एक उपडोमेन घ्यावे, उदाहरणार्थ संस्थेच्या नावाआधी ‘एडी’ लावून. जुन्या लेखांत आढळणारा ‘डॉट लोकल’ हा शेवट टाळावा. स्थानिक नेटवर्कवर यंत्रे एकमेकांना शोधण्यासाठी तो वापरतात आणि ॲपलची यंत्रे व काही प्रिंटर त्यावरून गोंधळतात. डोमेनचे नाव पुढे बदलणे अतिशय कटकटीचे असल्याने या एका निर्णयावर संध्याकाळभर चर्चा झाली तरी ती वाया जात नाही.

पाचवी पायरी: डोमेन कंट्रोलर कुठे ठेवायचे

या संस्थेसाठी मी अशी मांडणी करीन: रत्नागिरीत दोन कंट्रोलर, तेही दोन वेगळ्या यंत्रांवर, कणकवलीत एक पूर्ण कंट्रोलर, आणि चिपळुणात फाइल सर्व्हर असल्यास वरच्या मजल्यावर एक केवळ-वाचनीय कंट्रोलर. दोन्ही कंट्रोलर आभासी (सॉफ्टवेअरने उभारलेली) यंत्रे करून एकाच भौतिक यंत्रावर ठेवले तर संख्या दोन दिसते, पण भरवसा एकाचाच असतो.

केवळ-वाचनीय कंट्रोलरची सोय विंडोज सर्व्हर २००८ पासून आहे आणि ती अशाच शाखांसाठी आहे. त्यावर कोणतीही नोंद बदलता येत नाही आणि कोणाचे पासवर्ड त्याच्यापाशी साठवू द्यायचे हे आपण ठरवतो. चिपळूणच्या कर्मचाऱ्यांचे आणि संगणकांचे तेवढे साठवू द्यावेत, व्यवस्थापकीय खात्यांचे कधीही नाही. ते यंत्र पुरात गेले किंवा चोरीला गेले तर त्याचे खाते काढून टाकून फक्त तेवढ्याच लोकांचे पासवर्ड बदलावे लागतात.

कोणत्या पत्त्याचा संगणक कोणत्या कंट्रोलरकडे जाईल हे ‘साइट’ (ठिकाण) आणि ‘सबनेट’ (पत्त्यांचा गट) यांच्या नोंदींवरून ठरते, आणि नवखे लोक हीच नोंद करायची विसरतात. रत्नागिरी, चिपळूण आणि कणकवली अशा तीन साइट कराव्यात. गुहागर व राजापूरचे पत्ते रत्नागिरीच्या साइटला आणि देवगड, मालवण, वेंगुर्ल्याचे कणकवलीच्या साइटला जोडावेत. ही नोंद नसेल तर वेंगुर्ल्याचा संगणक कणकवली सोडून कोणत्याही कंट्रोलरचे दार ठोठावतो, आणि ‘सकाळी लॉगिनला फार वेळ लागतो’ अशी तक्रार येते, जिचे मूळ सापडायला आठवडे जातात. दोन साइटमधील माहितीची देवाणघेवाण मुळात दर १८० मिनिटांनी होते. आजच्या लाइनवर ती १५ मिनिटांवर आणण्यास हरकत नाही.

सहावी पायरी: डीएनएस आणि घड्याळ

ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील बहुसंख्य अडचणी शेवटी डीएनएसपाशी, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेपाशी, येऊन थांबतात. संगणक आपला कंट्रोलर डीएनएसमधील विशिष्ट नोंदी विचारून शोधतो. त्या नोंदी फक्त संस्थेच्या आतल्या डीएनएसला ठाऊक असतात. मुख्यालयात आणि मोठ्या शाखांत संगणकांना डीएनएस म्हणून केवळ डोमेन कंट्रोलरचेच पत्ते द्यावेत. ‘असू दे पर्यायी म्हणून’ असे म्हणत दुसऱ्या जागी इंटरनेटवरील सार्वजनिक डीएनएस भरण्याची सवय फार पसरलेली आहे आणि ती घातक आहे, कारण संगणक कधी त्या पर्यायाला विचारतो, तो ‘असे नाव नाही’ असे उत्तर देतो आणि कधी लॉगिन होते तर कधी होत नाही, असा लहरी दोष मागे लागतो.

लहान शाखेत मात्र एक पेच आहे: डीएनएस रत्नागिरीचा असेल तर व्हीपीएन तुटताच शाखेचे इंटरनेटही बंद पडल्यासारखे होते. त्यावर उपाय असा की शाखेच्या फायरवॉललाच डीएनएस करावे आणि संस्थेच्या आतील नावांचे प्रश्न रत्नागिरी व कणकवलीकडे, बाकीचे सारे थेट बाहेर पाठवण्याचा नियम त्यावर लावावा.

घड्याळाचे महत्त्व प्रथम पटत नाही. ओळख पटवणारी केर्बरॉस ही पद्धत संगणक आणि कंट्रोलर यांच्या वेळेत मुळात पाच मिनिटांपर्यंतच फरक सहन करते. वीज वारंवार जाणाऱ्या शाखेत जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असेल, तर वीज आल्यावर त्याचे घड्याळ भलत्याच वर्षात उघडते आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारले जाते. डोमेनमध्ये सर्वांची वेळ ज्याच्याकडून येते त्या पीडीसी एम्युलेटर या भूमिकेच्या कंट्रोलरला नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळ-सर्व्हरशी जोडावे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही हेच सांगितले आहे, आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपण्याची अटही त्यात आहे. तेवढी साठवण आराखड्यातच धरावी.

सातवी पायरी: खाती, गट आणि ओयू

खात्याचे नाव आडनावावरून ठरवू नये. सिंधुदुर्गातल्या शाखेत तीन सावंत आणि दोन परब सहज निघतात, त्यांतल्या दोघांची आद्याक्षरेही जुळतात. रोमन लिपीत एकाच आडनावाची स्पेलिंग दोन-तीन असतात. आणि लग्नानंतर नाव बदलले की खाते, ईमेल आणि संगणकावरचे फोल्डर यांची नावे एकमेकांशी जुळेनाशी होतात. कर्मचारी क्रमांक हेच खात्याचे नाव ठेवावे. दाखवायचे नाव देवनागरीत लिहिता येते, डिरेक्टरीला त्याची अडचण नसते. संगणकाचे नाव मात्र १५ अक्षरांच्या आत ठेवावे आणि त्यात ठिकाणाचा संक्षेप असावा, व्यक्तीचे नाव नसावे.

ओयू (ऑर्गनायझेशनल युनिट) हे डिरेक्टरीतील कप्पे संस्थेच्या तक्त्यावरून पाडू नयेत. ओयूचा उपयोग दोनच गोष्टींसाठी आहे: ग्रुप पॉलिसी (अनेक संगणकांवर किंवा खात्यांवर एकत्र लादायची धोरणे) लागू करणे आणि काही अधिकार सोपवणे. ज्या कप्प्याला वेगळे धोरण नाही आणि वेगळा कारभारी नाही, तो कप्पा निरर्थक आहे. वरच्या पातळीवर कर्मचारी, संगणक, सर्व्हर, गट आणि प्रशासन असे पाच कप्पे करावेत. संगणकांखाली ठिकाणे यावीत. नव्याने जोडलेला संगणक मुळात ज्या ‘कॉम्प्युटर्स’ कप्प्यात पडतो तो ओयू नसल्याने त्याला स्वतंत्र धोरण जोडता येत नाही, म्हणून नव्या संगणकांचे पहिले ठिकाण बदलून ठेवावे. कोणताही साधा कर्मचारी दहा संगणकांपर्यंत डोमेनला जोडू शकतो, ही मूळ मुभाही शून्यावर आणावी.

फाइलींचे अधिकार ओयूवरून मिळत नाहीत, ते गटांवरून मिळतात. ‘चिपळूण कर्ज विभाग’ या लोकांच्या गटाला ‘कर्ज फाइली: बदल’ या अधिकाराच्या गटात घालावे आणि फोल्डरवर फक्त अधिकाराच्या गटाचे नाव असावे. देवगडचा लिपिक चिपळूणला बदलून गेला की त्याला एका गटातून काढून दुसऱ्यात घालणे एवढेच काम उरते.

डोमेन ॲडमिन हे खाते कोणत्याही शाखेच्या संगणकावर वापरू नये, प्रिंटर बसवण्यासाठीही नाही, कारण त्या संगणकात शिरलेल्याला मग संपूर्ण संस्था हाती लागते. संगणक दुरुस्त करणाऱ्यांसाठी वेगळी, मर्यादित अधिकाराची खाती करावीत आणि प्रत्येक संगणकाच्या स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड एकच न ठेवता विंडोज लॅप्सच्या साह्याने प्रत्येकी वेगळा व आपोआप बदलणारा ठेवावा. ही सोय एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच अंतर्भूत आहे.

आठवी पायरी: बॅकअप आणि पावसाआधीची तालीम

किमान दोन कंट्रोलरचा सिस्टिम स्टेट (डिरेक्टरीसह प्रणालीची मूळ माहिती) बॅकअप रोज घ्यावा आणि डिरेक्टरी दुरुस्तीच्या वेळी लागणारा डीएसआरएमचा पासवर्ड बंद लिफाफ्यात संस्थेच्या तिजोरीत ठेवावा. आभासी यंत्राची स्नॅपशॉट प्रत बॅकअप धरू नये. डिरेक्टरीचा बॅकअप १८० दिवसांहून जुना झाला की आजच्या प्रणालींत सहसा तो परत चढवता येत नाही, कारण तोवर पुसलेल्या नोंदींच्या खुणाही पुसल्या गेलेल्या असतात. चुकून पुसलेले खाते परत आणण्यासाठी डिरेक्टरीचा रीसायकल बिन पहिल्याच दिवशी चालू करावा.

दुसरी प्रत कुठे ठेवायची याचे सोपे उत्तर ‘घाटावर, कोल्हापूरला’ असे येते. ते तपासून घ्यावे: जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली असताना त्याच आठवड्यात पंचगंगेलाही पूर आलेला होता. पुण्यातली किंवा भारतातील क्लाउडवरची कूटबद्ध प्रत आणि शिवाय नेटवर्कला न जोडलेली एक डिस्क, अशी जोडी बरी.

तालमीसाठी मे महिन्याचा दुसरा पंधरवडा योग्य, म्हणजे मृग लागण्यापूर्वी दुरुस्तीला अवधी राहतो. एका लहान शाखेत जेवणाच्या सुटीत मुख्य लाइन काढून मोबाइल लाइन किती वेळात हाती घेते ते पाहावे. नंतर दोन्ही काढून लॉगिन होते का आणि प्रिंटर चालतो का ते पाहावे. एखाद्या रविवारी रत्नागिरीचे दोन्ही कंट्रोलर बंद करून वेंगुर्ल्यात आणि गुहागरमध्ये लॉगिन करून बघावे, आणि वेळा नोंदवहीत लिहाव्यात. रत्नागिरीचे केंद्र खरोखरच कायमचे गेले, तर तिथल्या पाच विशेष भूमिका (पीडीसी एम्युलेटर ही त्यांपैकीच एक) कणकवलीच्या कंट्रोलरने जबरीने ताब्यात घ्याव्या लागतील. त्या आज्ञांचा क्रम छापील कागदावर प्लास्टिकच्या पाकिटात कणकवलीच्या रॅकपाशीच ठेवावा, आणि त्याच कागदावर ठळक अक्षरांत लिहावे की भूमिका अशा रीतीने घेतल्यानंतर रत्नागिरीचा जुना कंट्रोलर पुन्हा नेटवर्कला जोडायचा नाही. त्यातून काही वाचवायचेच असेल तर ते नेटवर्कपासून अलग ठेवून काढावे, यंत्र पूर्ण पुसावे आणि नव्याने बसवावे.